कळांच्या वेळी पाठीवर हात

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच नवापूर, साक्री, तळोदा, डांग या बाजूंनी ट्रक भरभरून माणसं दक्षिण गुजरातच्या उसात उतरू लागतात. सुरतेच्या पूर्वेला, तापीकाठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून कामरेज तालुका आहे. तिथल्या नवी पारडीला सहकारी साखर कारखाना आहे. बारडोली, चलथाण, सायण, मढी हे त्याचे शेजारी. या पट्ट्यातल्या ऊसतोडीला दर हंगामात लाखाहून अधिक मजूर लागतात, आणि त्यांत खानदेशातले आदिवासी पूर्वीपासून मोठ्या संख्येनं आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोलीच्या तोडणी मजुरांवर लिहिलेला सविस्तर लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा बाहेरच्या जगाला मजुरांच्या पडावांची, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या वस्त्यांची, नीट ओळख झाली.

इथे माणसं कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन वाहते. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्चून झालेली असते. त्यामुळे बाई सहाव्या महिन्यात आहे की आठव्या, यावर जाणं-न जाणं ठरत नाही. ती येतेच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत महाराष्ट्रात आहे तशीच गुजरातेतही आहे, पण हंगामात अडकलेल्या बाईला माहेर गाठता येत नाही.

त्याच कामरेजच्या चार रस्त्यावरून सुरतेकडे वळलं की नव्या इमारती आणि त्यांतली प्रसूतिगृहं लागतात. शहरातल्या शिकलेल्या घरांत आता एक नवं नाव ऐकू येतं: डूला. बाळंतपणाआधी घरी येऊन तयारी करून घेणारी, कळांच्या वेळी शेवटपर्यंत जवळ राहणारी, नंतर आईला आणि दूध पाजण्याला हातभार लावणारी प्रशिक्षित बाई. ती औषध देत नाही, आतली तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही. ती कंबर दाबते, पाठ चोळते, घोटभर पाणी पाजते, कूस बदलायला मदत करते, धीर देते, आणि मुख्य म्हणजे उठून जात नाही. भारतात तिच्यासाठी सरकारी नोंदणी नाही. त्यामुळे ठरवण्याआधी तिचं प्रशिक्षण, तिनं पाहिलेली बाळंतपणं आणि डॉक्टरांशी तिचं जमतं की नाही, हे विचारून घ्यावं.

पैसेवाल्यांची नवी हौस म्हणून हे झटकून टाकू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृहाचं वर्णन आहे. तिथे बाळंत होणाऱ्या बाईभोवती अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, न खचणाऱ्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलं आहे. कोमट तेल लावून तिची कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या तिला सोसेल अशा बेतानं चोळाव्यात, असंही त्यात आहे. आपल्या सुईणी आणि गुजरातच्या सुयाणी हेच करत आल्या. डूला शब्द आता कानावर पडतो आहे, हात मात्र ओळखीचेच आहेत.

या हातांचं मोल आधुनिक वैद्यकाला कळलं ते जवळजवळ योगायोगानं. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ग्वातेमालात आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करत होते. तिथल्या गजबजलेल्या सरकारी दवाखान्यात पहिलटकरणी एकट्याच कळा सोसत. काही जणींजवळ एक अनोळखी, कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. तिनं फक्त हात धरायचा, पाठ चोळायची, बोलत राहायचं. १९८० साली निष्कर्ष छापून आले. गुंतागुंत न झालेल्या बायकांपैकी एकट्या राहिलेल्यांना दाखल झाल्यापासून सरासरी १९.३ तास लागले होते, सोबत मिळालेल्यांना ८.८. अमेरिकेत ह्यूस्टनला ४१२ पहिलटकरणींवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचं प्रमाण ८ टक्के होतं, न मिळालेल्यांत १८. त्यात एक तिसरा गटही होता. त्या बायकांच्या खोलीत एक निरीक्षक नुसती बसून नोंदी घेत होती, बोलत नव्हती, हात लावत नव्हती. तिथे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. कोणीतरी खोलीत आहे, एवढ्यानंही फरक पडला.

पुढे असे प्रयोग अनेक देशांत झाले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतले २६ प्रयोग आणि १५,८५८ बायका आहेत. अखंड सोबत मिळालेल्या बायका नैसर्गिकरीत्या बाळंत होण्याची शक्यता वाढते, सिझेरियन सुमारे चतुर्थांशानं कमी होतं, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाची कडवट आठवण राहण्याचं प्रमाण घटतं. ग्वातेमालाइतका मोठा फरक सगळीकडे दिसला नाही, पण दिशा तीच राहिली.

असं का होतं? भ्यालेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, आणि ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. कळा मंदावतात, मग सलाईनमधून कळा वाढवणारं औषध सुरू होतं, कळा एकदम तीव्र होतात, बाई आणखी भिते. मायेचा स्पर्श आणि सततचा आवाज हे चक्र सुरुवातीलाच तोडतात. हाताचं कामही नेमकं असतं. बाळाचं डोकं आईच्या पाठीकडे तोंड न करता पुढे वळलेलं असलं की कळ पोटापेक्षा कंबरेत जास्त येते. अशा वेळी कण्याच्या खालच्या टोकाशी, त्रिकास्थीवर तळहाताचा भार कळ येईल तसा द्यायचा आणि कळ ओसरली की सोडायचा. कमरेची दोन्ही हाडं बाजूंनी आत दाबली तरी बरं वाटतं. चोळण्या-दाबण्याच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, असं मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. लागलेल्या जागी आपण आपसूक चोळतो, त्यामागेही हेच आहे.

बाईला चालतं-फिरतं ठेवणं, उकिडवं बसवणं, पुढे वाकून कुणाच्या खांद्यावर भार टाकू देणं, हा या मदतीचा दुसरा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत आवडीची सोबत, उभ्या-बसत्या अवस्था आणि वेदना कमी करण्यासाठी मालिश, तिन्ही आहेत. बाळ बाहेर येतेवेळी योनिमार्गाच्या खालच्या भागावर गरम ओल्या कापडाचा शेक दिला तर खोलवर फाटण्याचं प्रमाण घटतं. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत तिथे तेलानं हलकी मालिश केली, तर पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता कमी होते. ही मालिश बाईनं स्वतः करायची, डॉक्टरांना विचारून.

मग आपल्याकडे ही सोबत सुटली कशी? बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, तेव्हा. ते जाणं गरजेचंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देशात २००५-०६ मध्ये ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये ८९ टक्के, गुजरात आणि महाराष्ट्रात ९४-९५. २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत, २०१८-२० मध्ये ९७. रक्तस्राव आणि झटके यांच्यापुढे सुईणीचा हात अपुरा पडतो. तिथे इंजेक्शन, रक्त आणि शस्त्रक्रियाच लागते. पण बाई दवाखान्यात गेली तेव्हा सुईण दाराबाहेर राहिली, सासू-आईही बाहेरच्या बाकावर राहिली. २०१९-२१ मध्ये खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारीत १४. त्याची कारणं पुष्कळ आहेत. लेबर रूममधला एकटेपणा हे त्यांतलं सर्वांत कमी बोललं गेलेलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण जवळ ठेवायला परवानगी दिली. ती नात्यातली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गजन्य आजार नसलेली असावी. तिनं शेवटपर्यंत थांबावं, डॉक्टर-नर्सच्या कामात आड येऊ नये, दुसऱ्या बाईकडे जाऊ नये. आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. डिसेंबर २०१७ च्या ‘लक्ष्य’ योजनेत लेबर रूमच्या दर्जाच्या निकषांत ही सोबत धरली गेली. म्हणजे हे मागायला कुणाची मेहरबानी लागत नाही. आठव्या महिन्यातच विचारून ठेवावं: आत कोण येऊ शकेल, मला चालता येईल का, पाणी पिता येईल का.

ऊसतोडीतल्या बाईपुढचा प्रश्न वेगळा आहे. पडावात तिच्याजवळ हात असतात. कळा सुरू झाल्या की सासू, जाऊ, पडावातली जाणती बाई जवळ येते. बोली मावची, भिली, कोकणी किंवा अहिराणी, तिच्या ओळखीची. नसतं ते पाणी, उजेड आणि धोका ओळखण्याचं ज्ञान. १०८ ची गाडी तिला घेऊन गेली की उलटं होतं. नर्सबेन गुजराती बोलतात, बाईला निम्मं कळतं, सोबतची बाई दाराशी थांबते. दवाखान्याची भीती धरून पुढच्या खेपेला ती पडावातल्या कोपीतच, म्हणजे झोपडीतच राहिली, तर दोष तिला देता येणार नाही.

हातांनी होणारं नुकसानही सांगायला हवं, कारण मायेचे हात चुकतात तेव्हा ते रोखायला कुणी धजत नाही. बाळ बाहेर यावं म्हणून पोट वरून दाबणं घातक आहे. गर्भाशय फाटू शकतं. गरोदरपणात पोट जोरात चोळून बाळ ‘फिरवणं’ टाळायलाच हवं. गावातल्या कुणाकडून कळांचं इंजेक्शन टोचून घेणं हे तर सगळ्यांत धोक्याचं. सिझेरियननंतर टाके भरेपर्यंत पोटावर मालिश नको. एकच पाय सुजला, दुखू लागला, तापला तर तो चोळू नये: शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अंगावरून जाणं एकदम वाढणं, ताप, घाण वास, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी ही सगळी तातडीनं दवाखाना गाठायची लक्षणं.

बाळंतिणीच्या सव्वा महिन्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. खानदेशातला डिंकाचा लाडू आणि सुरतेचं काटलुं, अळिवाची खीर आणि बत्रीसुं घातलेली सुंठ, रोजचं अंग रगडणं: यात तिला विश्रांती मिळते आणि घरात ती महत्त्वाची ठरते. शेक-शेगडी मात्र बंद खोलीत नको. निखाऱ्याच्या धुरानं आई-बाळ दोघांनाही गुदमरायला होतं. बाळाला घुटी, मध काहीच नको, सहा महिने फक्त आईचं दूध. आपल्या मालिशवालीची कला फ्रेडरिक लेबोये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कोलकात्यात पाहिली, शांतला नावाच्या आईला बाळ चोळताना टिपलं आणि १९७६ साली तिच्याच नावानं पुस्तक काढलं. युरोपातल्या आया ते पाहून बाळं चोळायला शिकल्या. तेल निवडताना मोहरीचं टाळावं, कोवळ्या कातडीला ते चुरचुरतं, खोबरेल चांगलं.

मालिशवालीचं आणखी एक काम कुणी मोजत नाही: ती रोज येते आणि ऐकते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मारहाण ही त्यामागची मोठी कारणं होती. रडू येतं, झोप येत नाही, बाळ नकोसं वाटतं, असं कुणी सांगितलं तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नये.

पडावातल्या बाईला सव्वा महिना मिळत नाही, आणि घरी येऊन बाळ पाहणारं माणूसही हातून सुटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळाला घरी जाऊन पाहू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. पण फड संपला की पडाव हलतो, आणि आशाबेनच्या यादीतलं नाव मागे राहतं. म्हणून गावाकडे काढलेलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणणं आणि गुजरातेतल्या ममता दिवसाला, म्हणजे गावातल्या आई-बाळाच्या तपासणीच्या दिवशी, त्यावर नोंद करून घेणं मोलाचं. गुजरातेत आई-बाळाला दवाखान्यातून परत सोडणारी ‘खिलखिलाट’ गाडी फुकट आहे. ती पडावापर्यंतही मागावी.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक पडावातली एक जाणती बाई सोबतीण म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदवता येईल. पोट दाबू नका, इंजेक्शन टोचू देऊ नका, १०८ ला कधी बोलवायचं, आत बसून कंबर कशी धरायची, एवढं तिला एका दुपारी शिकवता येतं. नर्सबेन आणि बाळंतीण यांच्यामधली दुभाषीही तीच होईल. पण ती दवाखान्यात बसली तर तिचाही कोयता त्या दिवशी मोडतो. तिची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हे कारखान्यानं, मुकादमानं आणि आरोग्य खात्यानं ट्रक निघण्याआधी ठरवायला हवं.