किक मारा, जीप सुरू!

किक मारून सुरू होणारी जीप पाहिलीत कधी? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी ती घरीच बनवली! मुलाला चारचाकी हवी होती. पण नवी घेण्याइतके पैसे कुठले? मग लोहारांनी भंगारातले भाग जमवले, दुचाकीसारखी किक बसवली आणि सुमारे ६० हजारांत गाडी उभी केली.

डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. पण ती नियमांत बसत नाही, हेही सांगितलं. का बरं? गाडी नुसती पळून भागत नाही. ब्रेक वेळेवर लागायला हवेत, धडक बसली तर आतली माणसं वाचायला हवीत. महिंद्रांनी जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळालीसुद्धा!