आठ मेगाबाइटची मर्यादा

‘डब्ल्यूआरएफ’ हे हवामानाचे मॉडेल जगभरातल्या विद्यापीठांत आणि हवामान खात्यांत चालते. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातील ‘एनसीएआर’ या संस्थेचा ते घडवण्यात मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे मान्सूनच्या अभ्यासातही ते वर्षानुवर्षे वापरात आहे. नवखा संशोधक ते चालवायला बसला, की शेजारचा अनुभवी सहकारी हमखास सांगतो, ‘‘आधी यूलिमिट अनलिमिटेड कर रे, नाहीतर पडेल.’’ तो ती ओळ स्क्रिप्टमध्ये टाकतो आणि कामाला लागतो. ती टाकायची राहून गेली, तर लाखो ओळींचे हे मॉडेल सुरुवातीलाच कोसळू शकते. पडद्यावर उमटते फक्त ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. कुठे बिनसले, का बिनसले, अवाक्षर नाही.

ही ओळ नेमके काय करते, असे विचारणारे थोडेच. विचारायला हवे, कारण जी मर्यादा ती उठवते, तीच बँकेच्या डेटाबेसपासून वेबसाइटच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडे लागू असते, आणि ती न समजता हलवली तर भलतीकडेच पडझड होते.

लिनक्सच्या कुठल्याही सर्व्हरवर ‘यूलिमिट -एस’ असे टाइप करा. बहुधा 8192 हा आकडा येईल. हे किलोबाइट आहेत, म्हणजे आठ मेगाबाइट. सर्व्हरमध्ये 256 गिगाबाइट मेमरी असली तरी उत्तर बदलत नाही. ही मर्यादा असते स्टॅकची.

प्रोग्राममधली फंक्शने एकमेकांना बोलावत असतात. एकाने दुसऱ्याला बोलावले, की काम झाल्यावर परत कुठे यायचे तो पत्ता आणि दुसऱ्याची तात्पुरती आकडेमोड मेमरीच्या एका राखीव भागात रचली जाते. दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावले, की वर आणखी एक थर. जुन्या घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखेच हे आहे. शेवटी ठेवलेले आधी निघते आणि मधलेच काही ओढून काढता येत नाही. अॅलन ट्युरिंगने 1945 साली लिहिलेल्या संगणकाच्या आराखड्यात परतीचा पत्ता ‘पुरून ठेवायची’ आणि ‘उकरून काढायची’ सोय मांडली होती. म्युनिकमध्ये फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी 1957 मध्ये या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. एखाद्या फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावले तरी ही रचना पुरी पडते, हे डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्राने 1960 मध्ये सविस्तर मांडले. आजचे प्रोसेसर ही व्यवस्था गृहीत धरूनच बनवले जातात.

हवामानाच्या मॉडेलमध्ये आठ मेगाबाइट कसे संपतात, ते हिशेब करून पाहण्यासारखे आहे. समजा, एका फंक्शनला तापमानाचे आकडे तात्पुरते मांडायचे आहेत. नकाशावर 100 गुणिले 100 बिंदू, जमिनीपासून वर 50 स्तर, प्रत्येक आकड्याला चार बाइट. झाले 20 लाख बाइट. वारा, आर्द्रता, दाब धरून असे चार संच घेतले तर 80 लाख. मर्यादा आहे 83,88,608 बाइटची, कसेबसे मावले. मग संशोधक म्हणतो, आता जरा मोठा प्रदेश घेऊ, 200 गुणिले 200. आता एकटा तापमानाचा संचच 80 लाखांचा झाला. दुसरा मागितला की प्रोग्राम पडलाच. कोडमध्ये अक्षराचाही बदल नाही, भौतिकशास्त्र तेच, पण काल चाललेली गोष्ट आज चालत नाही. ही मॉडेले फोरट्रान भाषेत लिहिलेली असतात, आणि फोरट्रानचे अनेक कंपायलर असे तात्पुरते संच मुकाट्याने स्टॅकवर टाकतात.

पुण्यात पाषाणच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेत 2018 साली ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ हे महासंगणक आले. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या अव्वल 500 महासंगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवरच चालते. यंत्र कितीही थोर असो, त्यावरचा प्रत्येक प्रोग्राम स्टॅकच्या मर्यादेखालीच जन्माला येतो. ती किती ठेवायची, हे मात्र यंत्र सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात असते.

मग ही मर्यादा हवीच कशाला? तिच्या बाजूने बोलायला हवे, कारण तिला कंजूषपणा समजण्याची चूक फार होते. एखादे फंक्शन चुकून स्वतःलाच अखंड बोलावत राहिले, तर आठ मेगाबाइट क्षणार्धात भरतात आणि तेवढा एक प्रोग्राम मरतो. मर्यादा नसती तर तोच प्रोग्राम मेमरी गिळत सुटला असता, त्याच सर्व्हरवरच्या निरपराध सेवा रखडल्या असत्या आणि शेवटी कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कुणाचा तरी बळी द्यावा लागला असता. हे आठ मेगाबाइट काही आधीच बाजूला काढून ठेवलेले नसतात. प्रोग्रामने स्टॅकला हात लावला, की चार-चार किलोबाइटच्या पानांनी खरी मेमरी मिळत जाते. त्यामुळे नुसती मर्यादा वाढवल्याने एक बाइटही खर्च होत नाही.

थ्रेडचे, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांचे, गणित मात्र वेगळे. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्टॅक लागतो आणि त्यासाठी पत्त्यांची जागा आधीच अडवली जाते. 32 बिटच्या जमान्यात प्रोग्रामला जेमतेम तीन गिगाबाइट पत्ते मिळत. आठ मेगाबाइटने भागले तर 384 थ्रेड, तेही बाकी काहीच नको असेल तर. म्हणून तेव्हाचे जाणकार मर्यादा वाढवत नसत, उतरवत असत. आज 64 बिटमुळे ती टंचाई संपली आहे, पण कमी स्टॅकची परंपरा टिकून आहे. कंटेनरसाठी लोकप्रिय असलेल्या ‘अल्पाइन’ लिनक्समध्ये थ्रेडला मुळात फक्त 128 किलोबाइट मिळतात. उबुंटूवर सुखाने चालणारा प्रोग्राम अल्पाइनच्या कंटेनरमध्ये घातला आणि पडू लागला, तर संशयाची सुई आधी इकडे वळवावी. ‘गो’ भाषेने तर वाटच वेगळी धरली: तिथे गोरूटीन, म्हणजे तिचा हलका थ्रेड, अवघ्या दोन किलोबाइटनेही सुरू होऊ शकते आणि जागा कमी पडली की अख्खा स्टॅक उचलून मोठ्या जागेत नेला जातो.

आता त्या ‘अनलिमिटेड’कडे परत येऊ. लिनक्सच्या प्रचलित ‘ग्लिबसी’ लायब्ररीत नवा थ्रेड बनताना त्याच्या स्टॅकचा आकार याच मर्यादेवरून ठरतो. ती आठ मेगाबाइट असेल तर थ्रेडला आठ मिळतात. ती अमर्याद असेल, तर? अमर्याद जागा कुणालाच देता येत नाही, म्हणून लायब्ररी ठरावीक आकड्यावर येते, आणि नेहमीच्या 64 बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर तो आहे दोन मेगाबाइट. म्हणजे मुख्य थ्रेडचे बंधन सुटले, पण बाकीच्या थ्रेडचा स्टॅक आठवरून दोनवर आला! थ्रेडवर चालणारा प्रोग्राम ‘सगळी बंधने काढली तरी पडतोच आहे’ अशी तक्रार ऐकली, की हेच कारण असण्याची शक्यता मोठी. काम थ्रेडमध्ये वाटून देणारी ‘ओपनएमपी’ पद्धत वापरणाऱ्यांना थ्रेडचा स्टॅक ‘ओएमपी स्टॅकसाइझ’ या वेगळ्या सेटिंगने सांगावा लागतो.

सेटिंग कुठे करायचे, यातही पाय घसरतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या 1983 सालच्या युनिक्सपासून प्रत्येक मर्यादेचे दोन आकडे असतात. सॉफ्ट म्हणजे आत्ता लागू असलेला आणि हार्ड म्हणजे जिथपर्यंत सामान्य वापरकर्ता तो स्वतः वाढवू शकतो तो. हार्ड वाढवायचा तर रूटचा, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाचा, अधिकार लागतो. ओरॅकलचा डेटाबेस लिनक्सवर बसवताना सॉफ्ट किमान 10,240 आणि हार्ड 32,768 किलोबाइटपर्यंत ठेवायला सांगतात, ते यासाठीच. आकडे लिहायचे ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये, असे जुनी पुस्तके सांगतात, आणि लॉगिन करून येणाऱ्या माणसासाठी ते खरेही आहे. पण सर्व्हर चालू होताना ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था ज्या सेवा उठवते, त्या लॉगिन करून येत नाहीत. त्या ही फाइल बघतच नाहीत. त्यांच्यासाठी सेवेच्या स्वतःच्या युनिट फाइलमध्ये ‘लिमिटस्टॅक’ लिहावे लागते. माणूस टर्मिनलवर तपासतो, नवा आकडा दिसतो, निर्धास्त होतो. सेवा मात्र जुन्याच मर्यादेत चालत राहते. चालू प्रोग्रामला नेमकी कोणती मर्यादा लागू आहे, हे ‘प्रॉक’ या फोल्डरमधली त्या प्रोग्रामची ‘लिमिट्स’ फाइल सांगते. टर्मिनलवर विश्वासण्यापेक्षा ती वाचणे केव्हाही बरे.

या बाबतीत मला पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसची शिस्त फार आवडते. त्याने आपली आतली मर्यादा वेगळी ठेवली आहे, मुळात दोन मेगाबाइट. कुणी अतिशय गुंतागुंतीची क्वेरी टाकली, तर कर्नेलच्या मर्यादेला धडकण्याआधीच तो ‘स्टॅकच्या खोलीची मर्यादा ओलांडली’ असे स्पष्ट सांगून तेवढी क्वेरी नाकारतो. हे आवश्यकच आहे, कारण त्याची एखादी प्रक्रिया अचानक मेली तर सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने तो बाकीच्या सगळ्यांचीही जोडणी तोडून नव्याने उभा राहतो. कर्नेलच्या मर्यादेपेक्षा सुमारे एक मेगाबाइट कमी ठेवा, असा सल्ला त्याच्या माहितीपुस्तिकेतच आहे.

मर्यादा उठवण्याचा संबंध सुरक्षेशीही आहे, हे जगाला नीट कळले 19 जून 2017 रोजी. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी त्या दिवशी ‘स्टॅक क्लॅश’ जाहीर केले. स्टॅक आणि शेजारची मेमरी यांच्यात लिनक्सने चार किलोबाइटचे एकच मोकळे पान सोडले होते. मोठी उडी मारून ते ओलांडता येते आणि रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम ताब्यात घेता येतो, हे त्यांनी दाखवले. कमांडसोबत दिलेले शब्द स्टॅकवरच ठेवले जातात आणि त्यांना मर्यादेच्या एक चतुर्थांश जागा मिळते. मर्यादा प्रचंड केली की हल्लेखोराला तेही प्रचंड करता येत. लिनक्सने ते अंतर एक मेगाबाइट केले, शब्दांना सहा मेगाबाइटची कमाल घातली, आणि रूटचे अधिकार घेऊन उठणाऱ्या प्रोग्रामला वापरकर्त्याने काहीही सांगितले तरी आठ मेगाबाइटवरच रोखले. लाखो फाइली एकदम पुसायला गेल्यावर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा नकार येतो, तो याच एक चतुर्थांशामुळे. आठाचा चौथा हिस्सा म्हणजे दोन मेगाबाइट, आणि फाइलींची नावे त्याच्या वर गेलेली असतात.

कुठल्या प्रोग्रामचा स्टॅक किती वाढला आहे, हे बघायला खास साधन लागत नाही. ‘प्रॉक’मधल्या त्याच्या ‘स्टेटस’ फाइलीत ‘व्हीएमएसटीके’ ही ओळ असते. ती मुख्य थ्रेडपुरतेच सांगते, पण सुरुवातीला तेवढे पुरते. साध्यासुध्या बहुतेक सेवांसमोर तिथे 132 किलोबाइट दिसतात. डब्ल्यूआरएफसारखा प्रोग्राम तिथे शेकडो मेगाबाइट दाखवू लागला, तर त्यात नवल नाही आणि त्याला मोठी मर्यादा द्यावीच; मात्र त्याच्याच स्क्रिप्टमध्ये, अख्ख्या सर्व्हरला नव्हे. इंटेलच्या फोरट्रान कंपायलरला ‘हीप-अॅरेज’ हा पर्याय दिला, तर ते तात्पुरते संच स्टॅकऐवजी ‘हीप’ या मेमरीच्या दुसऱ्या भागात जातात आणि वाढीव मर्यादेची गरज बरीच कमी होते. एरवी 132 वर असणारी वेबसेवा आठ मेगाबाइटच्या जवळ सरकताना दिसली, तर तिच्या कोडमध्ये स्वतःलाच बोलावत राहिलेले फंक्शन आधी शोधावे.