ज्याला अंपायर ऐकू येत नसे

बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या पाठीमागे कॅचर बसतो आणि कॅचरच्या मागे अंपायर. मारण्याजोगा चेंडू फलंदाजाने सोडला की अंपायर ‘स्ट्राइक’ पुकारतो, चेंडू भलतीकडे गेला की ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. आजच्या नियमाने चार बॉल झाले की पहिला बेस फुकटात. दर चेंडूला हा हिशेब बदलतो. आज अंपायर हाताने खूण करतो, पण एकोणिसाव्या शतकात तो नुसता ओरडायचा. विल्यम हॉयने त्याच काळात या खेळावर पोट भरले, आणि त्याला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून काहीही ऐकू येत नव्हते.

हॉयचा जन्म 23 मे 1862 चा, ओहायो राज्यातल्या हाउकटाउन या खेड्यातला. मेंदूज्वराने त्याची श्रवणशक्ती गेली. कोलंबसच्या कर्णबधिर शाळेत तो वर्गात पहिला आला, तिथेच जोडे शिवायला शिकला आणि गावी येऊन त्याने दुकान थाटले. उन्हाळ्यात अर्धे गाव अनवाणी हिंडणारे; जोडे दुरुस्तीला येणार कुठून? मग मोकळ्या वेळात दुकानापुढे पोरांबरोबर चेंडूफळी चाले. त्यातूनच 1886 मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या व्यावसायिक संघात जाऊन पोचला.

तिथे खरी पंचाईत झाली. चेंडू सोडला की निकाल काय लागला हे कळण्यासाठी हॉयला मागे वळून बघावे लागे. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, काही साधुसंत नव्हते. हा पुन्हा पुढे वळून सावरायच्या आत ते पुढचा चेंडू सोडून मोकळे होत. हॉयने यावर तोड काढली. तिसऱ्या बेसपाशी त्याच्याच संघाचा कोच उभा असे. स्ट्राइकला त्याने उजवा हात वर करायचा, बॉलला डावा. आता हॉयला मान वळवायची गरज उरली नाही, कारण कोच समोरच दिसत होता.

अंपायरच्या हातवाऱ्यांचा उगम हॉयमुळे झाला, अशी कथा पुढे रूढ झाली. मला ती जरा ताणलेली वाटते. हॉयने स्वतः सांगितलेल्या हकिगतीत हात वर करणारा माणूस कोच आहे, अंपायर नव्हे. अंपायरच्या खुणा सर्रास दिसू लागल्या त्या 1900 नंतर, आणि त्याचे श्रेय सांगणारेही एकापेक्षा अधिक आहेत. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममधल्या पाटीवर ते बिल क्लेम या अंपायरच्या नावावर आहे, तर बरेच अभ्यासक साय रिगलरचे नाव घेतात. पण या वादात एक गोष्ट मागे पडते : हॉय खेळायचा कसा?

1888 मध्ये वॉशिंग्टनकडून नॅशनल लीगमधल्या पहिल्याच हंगामात त्याने 82 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता संधी साधून पुढचा बेस गाठला; लीगमध्ये सर्वाधिक. (तेव्हाची मोजणी आजच्यापेक्षा सैल होती, हेही खरे, सहकाऱ्याच्या फटक्यावर एखादा बेस जास्तीचा पळून काढला तरी तो चोरीत धरत.) 19 जून 1889 ला इंडियानापोलिसविरुद्ध त्याने आउटफिल्डमधून थेट होम प्लेटवर, धाव पूर्ण होते त्या जागी, फेक करून एकाच सामन्यात तीन धावपटू बाद केले. पलीकडे चेंडू झेलणारा कॅचर होता कॉनी मॅक, पुढे प्रचंड नाव कमावलेला मॅनेजर. तरी मला सर्वांत मोठा वाटतो तो वेगळाच आकडा. सगळ्या कारकिर्दीत हॉय हजारावर वेळा बॉल मोजत पहिल्या बेसवर चालत गेला. ज्या माणसाला मोजणी ऐकूच येत नव्हती, त्याने मोजणीवर भल्या भल्या पिचरांना दमवले.

उंच उडालेल्या चेंडूखाली दोन क्षेत्ररक्षक एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ‘माझा!’ असे ओरडायची पद्धत असते. हॉयने ती उलटवली. सिनसिनाटीत त्याच्या शेजारी खेळलेल्या सॅम क्रॉफर्डने सांगून ठेवले आहे की झेल घ्यायला निघताना हॉय घशातून एक बारीक चिरका आवाज काढी. तो ऐकू आला की बाकीचे बाजूला होत.

घराच्या बेलचा किस्साही क्रॉफर्डचाच. हॉयची पत्नी ॲना हीदेखील कर्णबधिर, पेशाने शिक्षिका. त्यांच्या दाराला घंटी नव्हती. बाहेरची मूठ ओढली की शिशाचा एक गोळा सुटायचा, लाकडी पन्हळीतून घरंगळत यायचा आणि धप्पकन जमिनीवर पडायचा. त्याचा हादरा तळपायाला जाणवला की पाहुणा आला हे घरात कळे.

खेळताना लोक त्याला ‘डमी’ म्हणत. त्या काळी जवळपास प्रत्येक कर्णबधिर खेळाडूच्या वाट्याला हेच टोपणनाव येई. आज ते कानाला खटकते. हॉयने मात्र ते बिनदिक्कत वापरले. 16 मे 1902 ला सिनसिनाटीच्या हॉयसमोर न्यूयॉर्कचा ल्यूथर टेलर पिचर म्हणून उभा राहिला. तोही कर्णबधिर, तोही ‘डमी’. दोघांनी खुणांच्या भाषेत रामराम केला आणि मग हॉयने त्याच्या चेंडूंवर दोन हिट काढल्या. मोठ्या लीगमधला त्याचा तो शेवटचा हंगाम. नावावर दोन हजारांवर हिट होत्या.

पुढे त्याने सिनसिनाटीजवळ दुभत्या गायींची शेती केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुडइयर कंपनीत शेकडो कर्णबधिर कामगारांची जबाबदारी सांभाळली. 1961 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फिल्डवर, पहिला चेंडू फेकण्याचा मान 99 वर्षांच्या हॉयला मिळाला. त्यानंतर दहा आठवड्यांत, 15 डिसेंबरला तो गेला.

त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावे म्हणून अमेरिकेतली कर्णबधिर मंडळी कित्येक वर्षे पाठपुरावा करीत आली आहेत. त्यांनी अंपायरच्या खुणांची दंतकथा बाजूला ठेवून त्या हजार बेसचाच मुद्दा लावून धरावा, असे मला वाटते. सिनसिनाटी क्लबने 2003 मध्ये आपल्या मानकऱ्यांत त्याचे नाव घातले. कूपर्सटाउनने अजून घातलेले नाही.