बाळंतपणानंतरची कंबर आणि एक्स-रेवरचा पांढरा डाग

हमरापूर-जोहे भागातल्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्ती घासणाऱ्या, रंगवणाऱ्या बायका तासन् तास मांडी घालून बसतात. कंबरदुखी ही त्यांची नेहमीची तक्रार. पण एखादी पंचविशी-तिशीतली, पदरी लहान मूल असलेली बाई एक्स-रे घेऊन येते तेव्हा ती दुखण्यापेक्षा भीतीने खचलेली असते. हाडावर पांढरा डाग दिसतो, म्हणून कोणी हाडाचा टी.बी. सांगितलेला असतो, कोणी मणके जखडणारा संधिवात, तर शेजारणीने थेट कॅन्सर!

या डागाला ‘ऑस्टिआयटिस कंडेन्सन्स इलिआय’ असे भारदस्त नाव आहे. फ्रेंच डॉक्टर सिकार यांनी १९२६ साली त्याचे वर्णन केले. पाठीचा कणा खाली जिथे कमरेच्या रुंद हाडांना मिळतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो. गरोदरपणात त्याचे बंध सैल होतात, भार वाढतो. त्या ताणाने शेजारचे हाड घट्ट होत असावे, असे मानतात. एक्स-रेवर ते पांढऱ्या त्रिकोणासारखे दिसते. सांध्यातली फट मात्र शाबूत असते, आणि तीच पाहायची. जखडणाऱ्या संधिवातात सांध्याच्या कडा कुरतडल्या जातात, पुढे फट बुजते. त्यात पहाटे कंबर आखडते, हालचालीने मोकळी होते, ई.एस.आर. बऱ्याचदा वाढतो. इथे रक्त बहुधा निर्दोष असते. एम.आर.आय.वर मात्र दोन्हींत सूज दिसू शकते, म्हणून नुसत्या रिपोर्टवर निदान करू नये.

सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनाला बायका हमखास दोष देतात. ते खरे नाही. साधे बाळंतपण झालेल्यांनाही हा त्रास होतो, क्वचित पुरुषांनाही.

हा आजार पसरत नाही, कणा जखडत नाही. कित्येकींना तर दुखतही नाही. दुखले तर थोडी विश्रांती, शेक, आणि पाठ-पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. भरलेला हंडा आणि मूल एकाच वेळी कडेवर नको. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, अंगावर पाजणाऱ्या आईने तर नक्कीच. महिनोन् महिने घ्यायची औषधे या डागासाठी लागत नाहीत.

मात्र ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी कळ, पायातली शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांतले काही असेल तर तपासणी लांबवू नका. आणि जुनी फिल्म टाकून देऊ नका. पुढच्या डॉक्टरांना ताडून पाहायला ती फार उपयोगी पडते.