पावरी, मावची, अहिराणी आणि एस्पेरांतो: काही घट्ट बसलेले गैरसमज

हिवाळ्यात नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या लांबवर पसरलेल्या असतात. नवापूरकडून माल घेऊन आलेला शेतकरी घरी मावची बोलतो, हमालांच्या गप्पा अहिराणीत चालतात, व्यापारी तोंडातल्या तोंडात गुजरातीत हिशेब करतो आणि पावती फाटते ती मराठीत. व्यवहार कुठे अडत नाही. इतक्या भाषा रोज वापरणाऱ्या या जिल्ह्यात भाषेविषयीच्या काही समजुती मात्र फार खोल रुजल्या आहेत आणि त्यांची किंमत पहिलीतलं पोर मोजतं.

सगळ्यात जुनी समजूत म्हणजे, या भाषा नाहीतच, ‘ही अशुद्ध मराठी आहे’. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिल्ली भाषांचा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीलाही, म्हणजे अहिराणी जिच्यात मोडते तिलाही, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत ठेवलं आहे. पावरी, मावची ज्यांत येतात त्या भिल्ली भाषांची जवळीक गुजरातीशी अधिक. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली गेली आणि तिचे भाषक १८ लाखांहून जास्त भरले. अहिराणीतलं ‘करी राहिना’, ‘करी राहिनी’ ऐका. लिंगानुसार क्रियापद बदलतं आणि दर वेळी त्याच नियमाने बदलतं. चुकीची मराठी अशी नियमाने चालत नसते.

‘लिपी नाही, म्हणून भाषा नाही’ हेही सर्रास ऐकू येतं. मराठी मोडीत लिहिली जायची, आज देवनागरीत लिहितात. कोकणी देवनागरी, रोमी, कन्नड अशा अनेक लिप्यांत नांदते. संतालीसाठी रघुनाथ मुर्मू यांनी ओल चिकी लिपी घडवली ती १९२५च्या सुमारास. संताली त्याआधीही भाषाच होती. शहादा भागातले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७मध्ये आला आणि भिलोरी ही भिल्ली बोली देवनागरीत छापली गेली.

मग म्हणतात, बोलणारे कितीसे? २०११च्या जनगणनेत भिल्ली गटाचे भाषक १ कोटी ४ लाखांच्या वर आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांत हा आकडा सर्वांत मोठा. अनुसूचीत असलेल्या बोडोचे भाषक साधारण १५ लाख.

‘घरची भाषा वर्गात आणली तर मराठी आणि इंग्रजी कच्ची राहते’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, कारण तो पालकांच्या काळजीतून येतो. आपलं लेकरू मागे पडू नये असंच त्यांना वाटतं. पण अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावरचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. गुरुजी विचारतात, ‘टोपलीत सात आंबे होते, तीन काढले, किती राहिले?’ मुलाला वजाबाकी येते. आठवडे बाजारात तो ती करतोच. तो अडतो प्रश्नाच्या मराठीपाशी. गप्प बसतो, आणि ‘गणित कच्चं’ असा शेरा मिळतो. हाच प्रश्न आधी पावरीत विचारला आणि मग मराठीत, तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी मिळतात: गणित आणि मराठी. समजलेल्या गोष्टीवर नवी भाषा लवकर चढते. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा तिच्याच आधाराने शिकता येते.

यात कायद्याची अडचण नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्यघटनेत कलम ३५०(क) १९५६ सालीच आलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्येही, शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असं म्हटलं आहे. ओडिशाने २००६च्या सुमारास १० आदिवासी भाषांत शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे अडतं ते साहित्यापाशी आणि शिक्षकांपाशी. नवापूरची मावची, धडगावची पावरी आणि अक्कलकुव्याची वसावी एका ‘भिल्ली’ पुस्तकात कोंबता येत नाहीत.

शेवटचा गैरसमज शिकलेल्यांचा: ‘सगळ्यांना एकच सोपी भाषा द्या, प्रश्न मिटेल.’ त्यासाठी पुष्कळदा एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेचा दाखला देतात, आणि तिथेच चुकतात. ती रचणारे डॉ. झामेनहॉफ वाढले आजच्या पोलंडमधल्या बियावीस्तोक शहरात. तिथे पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे शेजारी एकमेकांकडे संशयाने बघत. १८८७मध्ये त्यांनी १६ मूलभूत नियमांची ही भाषा मांडली ती दुसरी भाषा म्हणून. घरची भाषा ज्याची त्याने जपावी, परक्याशी बोलताना कुणालाच दुसऱ्याच्या भाषेपुढे झुकावं लागू नये, हा तिचा हेतू. १९९६च्या प्राग जाहीरनाम्यात एस्पेरांतोवाद्यांनी भाषिक हक्क आणि बहुभाषिकता ही आपली तत्त्वं म्हणून नोंदवली. जागतिक एस्पेरांतो संघटनेचं अध्यक्षपद २००७ ते २०१३ या काळात भारतीय भाषाशास्त्रज्ञ प्रोबाल दासगुप्ता यांच्याकडे होतं. १९६८मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली एस्पेरांतिक स्टडीज फाउंडेशन एस्पेरांतोबरोबरच भाषिक न्यायावरच्या संशोधनालाही बळ देते. अशा पाठबळाची गरज सातपुड्यात फार मोठी आहे. पावरीचा शब्दकोश, मावचीचं व्याकरण, वसावीतली चित्रगोष्टींची पुस्तकं, आणि या भाषा जाणणाऱ्या तरुणांना शिक्षक म्हणून प्रशिक्षण, एवढं झालं तरी पहिलीचा वर्ग बदलेल.

एक काम मात्र कोणत्याही निधीवाचून होण्यासारखं आहे. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. देशभरात दहा हजारांपेक्षा कमी जणांनी नोंदवलेली मातृभाषा प्रसिद्ध तक्त्यांत वेगळी दिसत नाही, ‘इतर’मध्ये जाते. प्रगणक दारात येऊन मातृभाषा विचारेल तेव्हा लाजून ‘मराठी’ सांगू नका. पावरी असेल तर पावरी, मावची असेल तर मावची सांगा, आणि त्याने तेच नोंदवलं का, ते बघून घ्या.