पीई नऊ, मामाची बाग आणि आमचे सहा लाख

शुक्रवार होता, बोनस जमा झाला होता आणि माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर एक आकडा चमकत होता. पीई : ९.

ज्यांच्या टीममध्ये एक तरी शेअरवेडा आहे त्यांना पीई समजावून सांगायला नको. (नसेल तर नशीबवान आहात, जेवण शांततेत होत असेल.) तरी एका ओळीत सांगते. शेअरचा भाव भागिले कंपनीने गेल्या वर्षात एका शेअरमागे कमावलेला नफा. पीई नऊ, म्हणजे नफा असाच येत राहिला तर नऊ वर्षांत पैसे वसूल. आजूबाजूचे शेअर वीस-पंचविसाने विकले जात असताना एक जुनी, नाव ऐकलेली जनरल इन्शुरन्स कंपनी नऊला मिळतेय म्हटल्यावर मला तुळशीबागेत ब्रँडेड कुर्ता दीडशेला मिळाल्याचा फील आला.

आमच्याकडे सहा लाख होते. वाकडला टू-बीएचके घ्यायचा आहे, त्याच्या डाउन पेमेंटसाठी चार वर्षं साठवलेले. नवऱ्याचं म्हणणं, तीन लाख यात टाकू, दोन वर्षांत दुप्पट झाले तर मॉड्युलर किचनचा प्रश्न सुटला. माझंही तेच म्हणणं होतं, खोटं कशाला बोलू? सोमवारी मार्केट उघडलं की घ्यायचे, असं ठरलं.

शनिवारी सकाळी देवगडहून मामा आला, आंब्याची पेटी घेऊन.

मामाची हापूसची साठेक कलमं आहेत. आता झेपत नाही म्हणून बाग व्यापाऱ्याला कराराने द्यायचं चाललं होतं. मागच्या हंगामात पीक तुफान आलं होतं. मी आपली शहाणपणा करत म्हटलं, ‘मामा, मग मागच्या वर्षीच्या पेट्या मोजून भाव सांग ना. मस्त पैसे येतील.’

मामा हसायलाच लागला. ‘एका वर्साचो आंबो बघून बाग कोण घेता गो? तो व्यापारी काय खुळो?’

हापूसचं झाड एक वर्ष भरभरून देतं आणि पुढच्या वर्षी रुसून बसतं. त्यात कधी अवकाळी पाऊस, कधी तुडतुडे, कधी मोहोरच जळतो. म्हणून व्यापाऱ्याने मामाची दहा वर्षांची वही मागितली होती. भरलेली वर्षं आणि रिकामी वर्षं, सगळी धरून सरासरी. वर मामाचा मुद्दा असा, की दहा वर्षांपूर्वी पेटीला मिळालेले पैसे आजच्या पैशात किती होतात तेही धरा. तेव्हाचा शंभर आणि आताचा शंभर एकच कसा?

माझी ट्यूब पेटली. कारण माझा नऊचा पीई म्हणजे नेमकं हेच होतं, एका वर्षाचा आंबा.

वादळ तिकडे, वीकेंड इकडे

खरं तर हे मला मामाने सांगायची गरज नव्हती. गेली आठ वर्षं मी हिंजवडीत बसून अमेरिकन इन्शुरन्स कंपन्यांच्या क्लेम्सचं सॉफ्टवेअर टेस्ट करते. तिकडे फ्लोरिडात वादळ आलं की इकडे आमचे वीकेंड बुडतात. इन्शुरन्सचा धंदा वर्षावर्षाला कसा उड्या मारतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण पैसे स्वतःचे असले की अक्कल ऑफिसातच राहते.

साबण विकणाऱ्या कंपनीला साबण बनवायला किती खर्च आला हे विकायच्या आधी कळतं. इन्शुरन्स कंपनीचं उलटं. ती प्रीमियम आज घेते आणि माल किती महाग पडला ते नंतर कळतं, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. मधल्या काळात ते पैसे बाँड आणि शेअर्समध्ये असतात, त्यामुळे तिकडचे चढउतारही नफ्यात येऊन मिसळतात. म्हणजे एका वर्षाच्या नफ्यात हवामान असतं, शेअर बाजार असतो आणि पुढे क्लेम किती येतील याचा कंपनीने स्वतःच केलेला अंदाज असतो. अशा आकड्याने शेअरच्या भावाला भागायचं आणि ‘स्वस्त आहे’ म्हणायचं!

शनिवारी दुपारी मामा झोपल्यावर मी एक्सेल उघडलं. आपल्या कंपनीच्या आधी एक जुनी केस तपासायची ठरवली, कारण तिचा शेवट माहीत होता. अमेरिकेतली ऑलस्टेट. गाड्या आणि घरांचा विमा उतरवणारी मोठी कंपनी, १९९३ पासून शेअर बाजारात, त्यामुळे आकडे भरपूर.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना आलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं. त्या वर्षी ऑलस्टेटचे आपत्तींचे क्लेम पाच अब्ज डॉलरच्या वर गेले. शेअरमागे नफा उरला साधारण २.६ डॉलर. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही मोठं चक्रीवादळ आदळलं नाही. आपत्तींचे क्लेम एक अब्जाच्याही आत आणि नफा शेअरमागे ७.८ डॉलर. तिप्पट! मॅनेजमेंट तीच, एजंट तेच, फक्त वारा शांत होता.

वर्षअखेरीला शेअरचा भाव ६५ डॉलरच्या आसपास होता. ६५ भागिले ७.८, पीई साडेआठाच्या आत. ओळखीचं वाटतंय ना?

आता मामाची वही. १९९७ ते २००६ अशी दहा वर्षं घेतली. प्रत्येक वर्षाचा शेअरमागचा नफा २००६ च्या डॉलरमध्ये आणला. त्याला काही रॉकेट सायन्स लागत नाही. त्या वर्षीचा महागाई निर्देशांक आणि २००६ चा निर्देशांक, यांच्या प्रमाणात नफा वाढवायचा. उदाहरणार्थ, २००१ चे १.६ डॉलर २००६ च्या भावाने १.८ होतात. दहाही आकडे असे फुगवून सरासरी काढली तर आली साधारण ४ डॉलर. ६५ भागिले ४ म्हणजे सोळा. जो शेअर आठाला मिळतोय असं दिसत होतं, तो खरं तर सोळाला मिळत होता.

पुढे काय झालं? २००८ मध्ये गुस्ताव्ह आणि आइक ही वादळं आली, त्यात आर्थिक संकट, गुंतवणुकीवर अब्जावधींचा तोटा. कंपनीला त्या वर्षी सुमारे १.७ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला. २००९ च्या सुरुवातीला डिव्हिडंड निम्म्यावर आणला आणि मार्चमध्ये शेअर १५ डॉलरच्या खाली होता. गंमत बघा, तेव्हा पीई काढताच येत नव्हता. नफाच नाही तर भागणार कशाने? पण दहा वर्षांची सरासरी, तो तोटा धरूनसुद्धा, पावणेचार डॉलरच्या पुढे होती. म्हणजे वहीच्या हिशेबाने शेअर चाराच्या आसपास मिळत होता. सगळे पळत असताना.

२०१३ संपताना भाव ५४ डॉलर होता. १५ ला घेणाऱ्याचे साडेतीन पटीहून जास्त झाले. ६५ ला ‘स्वस्त’ म्हणून घेणारा सात वर्षांनंतरही, डिव्हिडंड सोडला तर, तोट्यातच होता. अर्थात सरासरीला २००८ चं संकट आधी दिसलं होतं असं मी म्हणत नाही. तिने एवढंच सांगितलं, की ६५ ला चूक झाली तर सावरायला जागा नाही.

आयडिया जुनीच आहे

हे काही माझं किंवा मामाचं संशोधन नाही. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या कोलंबिया विद्यापीठातल्या जोडीने १९३४ मध्येच ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’मध्ये सांगून ठेवलं, की एका वर्षाच्या नफ्यावर जाऊ नका, निदान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांची सरासरी बघा. महागाईचा भाग जोडून त्याला नाव मिळवून दिलं रॉबर्ट शिलर यांनी, आधी १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल यांच्याबरोबर आणि मग २००० च्या मार्चमध्ये, टेक बूम फुटता फुटता आलेल्या ‘इर्रॅशनल एक्झ्युबरन्स’ या पुस्तकात. २०१३ मध्ये नोबेल मिळालेले हेच ते शिलर. त्यांनी हे माप लावलं अख्ख्या बाजाराला, एकट्या शेअरला नाही. एकट्या शेअरला लावताना सांभाळून, कारण बाजार बुडत नाही, कंपनी बुडते.

एआयजीचंच घ्या. २००६ मध्ये या कंपनीचा नफा १४ अब्ज डॉलर. दहा वर्षांची सरासरी काढली असती तर झकास आली असती. पण दरम्यान तिच्या एका शाखेने गृहकर्जांशी जोडलेल्या बाँड्सची हमी घ्यायचा भलताच धंदा वाढवून ठेवला होता. २००८ मध्ये ९९ अब्ज डॉलरचा तोटा झाला, सरकारला वाचवायला यावं लागलं, जवळपास ८० टक्के मालकी सरकारकडे गेली. बागेत आंब्याऐवजी दुसरंच काही लावलं असेल तर जुन्या वहीचा उपयोग शून्य.

उलटंही होतं. खुद्द ग्रॅहम यांच्या फर्मने १९४८ मध्ये गायको या इन्शुरन्स कंपनीचा अर्धा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरला घेतला आणि त्यात बाकीच्या सगळ्या गुंतवणुकींच्या बेरजेपेक्षा जास्त कमावलं. वेगाने वाढणाऱ्या कंपनीला जुनी सरासरी कमीच लेखते.

आणि आपल्याकडे? एलआयसीचा २०२१-२२ चा नफा ४,०४३ कोटी होता, २०२२-२३ चा ३६,३९७ कोटी. एका वर्षात लोकांनी नऊपट पॉलिसी घेतल्या का? नाही. पॉलिसीधारकांच्या आणि शेअरधारकांच्या फंडांत रक्कम कशी वाटायची याचे नियम बदलले होते. लाइफ इन्शुरन्सचं गणितच वेगळं, तिथे एम्बेडेड व्हॅल्यू बघतात. ही वही चालते जनरल इन्शुरन्सला. त्यातही आपल्या मोठ्या कंपन्या, आयसीआयसीआय लोम्बार्ड, जीआयसी री, न्यू इंडिया, बाजारात आल्या २०१७ मध्ये, त्याआधीचे आकडे प्रॉस्पेक्टसमधून खणावे लागतात. आणि आपल्याकडे महागाईची पायरी गाळून चालतच नाही. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत किमती दीडपटीहून जास्त झाल्या. न फुगवता सरासरी काढली तर चांगली कंपनीसुद्धा उगाच महाग दिसते.

महागाईचा एक दणका मात्र या सरासरीतही नीट दिसत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये ऑलस्टेट सलग दोन वर्षं तोट्यात गेली. कारणांत वादळं होतीच, पण मोठं कारण गाड्यांचे स्पेअर पार्ट आणि गॅरेजवाल्यांची मजुरी. प्रीमियम जुन्या भावाने घेतलेला, बंपर नव्या भावाने बदलून द्यायचा. मग दर वाढवले आणि २०२४ मध्ये साडेचार अब्जांच्या आसपास नफा. आता यातलं नेमकं कोणतं वर्ष धरून पीई काढणार, सांगा.

रविवारी रात्री

आमच्या नऊवाल्या कंपनीचे दहा वर्षांचे आकडे गोळा करायला मला अख्खा रविवार लागला. पीडीएफ वाचून डोळे गेले. मधली दोन वर्षं तोट्याची निघाली, आणि ज्या वर्षावर नऊचा आकडा उभा होता, त्या वर्षाच्या नफ्यातला मोठा हिस्सा जुने शेअर विकून आला होता, विम्याच्या धंद्यातून नव्हे. आजच्या रुपयांत सरासरी काढली. नऊचे एकवीस झाले.

नवरा म्हणाला, ‘तुझ्या मामाला आंब्यातलं कळतं, शेअरमधलं काय कळतं?’ मग आमचं थोडं वाजलं. मामा पलीकडे हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवून बसला होता. शेवटी तडजोड निघाली. तीन लाख एफडीतच राहिले आणि नवऱ्याच्या समाधानासाठी वीस शेअर घेतले.

ते तेव्हापासून बारा टक्के वर आहेत. नवरा हे मला दर शुक्रवारी सांगतो, न चुकता. मी वाकडच्या बिल्डरला चेक दिलाय, त्यामुळे ऐकून घेते.

मामाची बाग अखेर तीन वर्षांच्या कराराने गेली, दहा वर्षांच्या सरासरीवर. यंदा मोहोर कमी आहे म्हणे. पण आमची पेटी येणार, तशी अट मामाने करारातच घातलीय.