कान आणि कायदा

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात दुचाकीस्वाराचे डोळे समोरच्या गर्दीत गुंतलेले असतात. मागून येणाऱ्या बसची वर्दी देतात ते कानच. हेडफोनने नेमकी तीच वर्दी हरपते. मोटार वाहन कायद्याच्या 184व्या कलमात 2019 च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक चालनात गणला. पहिल्याच अपराधास 1000 ते 5000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हाताचे नाव घेणारे हे कलम कानाचे मात्र घेत नाही. हेडफोनचा निवाडा ‘जनतेस धोकादायक रीत’ या मोघम शब्दांवरच करावा लागतो. सायकलस्वार तर या कलमाबाहेरच राहतो. कारण ते केवळ मोटार वाहनांपुरते आहे. वास्तविक त्याच्यापाशी बहुधा आरसाही नसतो.